वाद्यवृंदाची संहिता : समूहवादनातील स्वरलेखनाचे संकेत आणि मराठी परंपरेतील अडचणी

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७२४ मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारीजखान यांच्यात झालेल्या लढाईमुळे परिचित आहे. त्या लढाईचा तपशील आज सांगता येतो याचे साधे कारण असे की, तो त्या काळी कोणीतरी लिहून ठेवला. याच परिसरातील भजनी मंडळे, सनई-संबळाचे ताफे आणि लग्नसराईतील बँड पथके यांनी पिढ्यानपिढ्या जे समूहवादन केले ते मात्र बहुतांशी कागदावर आलेले नाही. ते ज्यांच्या हातात होते त्यांच्याबरोबरच गेले.

महाविद्यालयांची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. युवक महोत्सवासाठी दरवर्षी समूहगीत आणि लोकवाद्यवृंद बसविला जातो. महिना-दीड महिना तालीम चालते. कोणत्या ओळीनंतर बासरी येणार, ढोलकी कोठे थांबणार, क्लॅरिनेटने कोणता स्वर धरून ठेवायचा हे सर्व तोंडी ठरते. पारितोषिक मिळो वा न मिळो, पुढच्या वर्षी वादक विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि नव्या तुकडीला पहिल्या स्वरापासून सुरुवात करावी लागते. नाटकाची संहिता ग्रंथालयात राहते, वाद्यवृंदाची राहत नाही. ही हानी टाळावयाची असेल तर समूहवादनाचे लेखन कसे करतात, त्याचे जगभर रूढ झालेले संकेत कोणते आणि आपल्याकडील स्वरलिपीत ते कितपत बसतात याचा विचार करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार मराठी परंपरेच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वरलिपी आणि संहिता यांतील भेद :

स्वरलिपी म्हणजे एका सुरावटीचे लेखन. गायकाने काय गावे हे ती सांगते. वाद्यवृंदाची संहिता, जिला पाश्चात्त्य संगीतात स्कोअर म्हणतात, ही त्याहून वेगळी वस्तू आहे. एकाच क्षणी दहा वादक काय करीत आहेत हे एका उभ्या रेषेत दिसणे हे तिचे मुख्य प्रयोजन होय. आडव्या दिशेने काळ पुढे जातो आणि उभ्या दिशेने वाद्ये एकाखाली एक येतात. संचालकापुढे संपूर्ण संहिता असते, तर प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचा कागद, म्हणजे पार्ट असतो.

वाद्यांचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत वर लाकडी फुंकवाद्ये (बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून), त्याखाली पितळी वाद्ये (हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा), नंतर तालवाद्ये, मग हार्प व पियानो आणि तळाशी व्हायोलिन ते डबल बास अशी तंतुवाद्ये. एकल वादक असल्यास त्याची ओळ तंतुवाद्यांच्या लगेच वर येते. प्रत्येक गटात साधारणपणे उंच आवाजाचे वाद्य वर आणि खर्जाचे वाद्य खाली असते. हा क्रम इतका रुळलेला आहे की, संचालकाची नजर वाद्याचे नाव न वाचताही योग्य ओळीवर जाते. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या वाद्यवृंदासाठी हे संकेत घडले. विसाव्या शतकात मात्र लहान आणि विजोड वाद्यसमूहांसाठी लेखन वाढले. आर्नोल्ड शोएनबर्ग यांच्या १९१२ मधील ‘पियरो ल्युनेर’ या रचनेत केवळ पाच वादक आणि एक गायिका आहे. परंतु बासरीवादकाला पिकोलो, क्लॅरिनेटवादकाला बास क्लॅरिनेट आणि व्हायोलिनवादकाला व्हिओला असे दुसरे वाद्यही हाताळावे लागते. पुढे हा वाद्यमेळ असंख्य रचनाकारांनी आदर्श म्हणून स्वीकारला. अशा लेखनात वादकाला वाद्य बदलण्यासाठी किती वेळ मिळतो हे पाहणे ही लेखकाची जबाबदारी मानली जाते आणि बदलाची सूचना विराम सुरू होतानाच लिहिली जाते, नवे वाद्य वाजण्याच्या क्षणी नव्हे.

ही बाब मुद्दाम नोंदविण्याचे कारण असे की, आपल्या महाविद्यालयीन वाद्यवृंदाची ठेवण सिम्फनीपेक्षा या लहान वाद्यमेळाला अधिक जवळची आहे. एकच विद्यार्थी संबळही वाजवितो आणि खंजिरीही. एकाच बासरीवादकाच्या पिशवीत पाच बासऱ्या असतात.

एक कागद, दोन लिप्या :

मराठी भाषकांनी हिंदुस्थानी संगीताला दोन स्वरलिपी दिल्या. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या क्रमिक पुस्तक मालिकेतून एक पद्धती रूढ केली. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तेथील सामुदायिक शिक्षणाच्या गरजेतून दुसरी पद्धती विकसित केली. संगीत परीक्षांचे विद्यार्थी या दोहोंतील फरक पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. एकट्या गायकाचे त्यात काही बिघडत नाही. वाद्यवृंदात मात्र हा फरक अनर्थकारक ठरू शकतो.

भातखंडे पद्धतीत स्वरावरील बिंदू तार सप्तक दर्शवितो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू त्याच जागी मंद्र सप्तक दर्शवितो. भातखंडे पद्धतीत मध्यमावरील उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुस्कर पद्धतीत स्वरावरील उभी रेघ म्हणजे तार सप्तक. भातखंडे पद्धतीत शून्य हे खालीचे चिन्ह आहे. पलुस्कर पद्धतीत स्वराखालचे शून्य अर्धी मात्रा सांगते आणि खालीसाठी अधिकचे चिन्ह वापरले जाते. कोमल स्वरासाठी एका पद्धतीत आडवी रेघ, दुसरीत हलन्त. दोन परंपरांत शिकलेले दोन वादक एकाच कागदासमोर बसले तर एक जण तार षड्जावर आणि दुसरा मंद्र षड्जावर जाईल, आणि दोघेही आपापल्या परीने अचूक असतील. म्हणून संहितेच्या पहिल्या पानावर कोणती पद्धती वापरली आहे हे एका ओळीत लिहिणे अत्यावश्यक आहे. पाश्चात्त्य समकालीन रचनांत अशा खुलाशासाठी आरंभी एक स्वतंत्र पान दिलेले असते. त्यात रचनेत वापरलेल्या प्रत्येक असामान्य चिन्हाचा अर्थ सांगितलेला असतो. आपल्याकडे दोन लिप्या असूनही ही प्रथा पडू नये याचे नवल वाटते.

व्यवहारात आज भातखंडे पद्धतीचा प्रसार अधिक आहे व समूहलेखनासाठी तीच अधिक सोयीची आहे. तीत तालाचे विभाग उभ्या रेघांनी वेगळे होतात, सम, टाळी आणि खाली यांची चिन्हे ओळीखाली येतात आणि एका मात्रेत बसणारे अनेक स्वर खालच्या कंसाने बांधले जातात. अर्थात काळाची उभी आखणी तिच्यात मुळातच आहे. एका ओळीच्या जागी चार ओळी लिहिल्या की संहितेचा सांगाडा तयार होतो. केरवा तालातील भूपाच्या स्वरांची पुढील साधी रचना उदाहरणादाखल पाहता येईल :

बासरी : सां – – – | ध – प –
क्लॅरिनेट : – – – – | – ध प ग
हार्मोनिअम : ग – रे ग | प – ग –
की-बोर्ड (खर्ज) : सा – – – | प – – –
ताल : × (मात्रा १) | ० (मात्रा ५)

येथे एक अडचण लगेच दिसते. बासरीच्या ओळीतील आडवी रेघ आधीचा स्वर लांबविण्यास सांगते, तर क्लॅरिनेटच्या ओळीतील पहिल्या चार रेघांचा अर्थ मौन असा अभिप्रेत आहे. गायनात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण गायकाला श्वास केव्हा घ्यावा हे लिहून द्यावे लागत नाही. वाद्यवृंदात मौनाला स्वराइतकेच मोल असते. स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक कालमानाच्या स्वरासाठी तेवढ्याच कालमानाचे विरामचिन्ह असते, ते याच कारणाने. सरगमात समूहलेखन करणाऱ्याने मौनासाठी स्वतंत्र चिन्ह ठरवावे, उदाहरणार्थ फुली वगळता कोणतेही सोपे चिन्ह किंवा कंसातील रेघ, आणि ते पहिल्या पानावर नोंदवावे. फुली वगळण्याचे कारण उघड आहे. ती समेसाठी राखलेली आहे.

षड्ज कोणता ?

सरगम लिपीचा मोठा गुण असा की, षड्ज कोठेही धरला तरी लेखन बदलत नाही. गायिकेने काळी चार किंवा पाच घ्यावी, गायकाने पांढरी एक अथवा काळी एक घ्यावी, कागद तोच राहतो. स्टाफ नोटेशनमध्ये स्वराची जागा स्थिर असते आणि षड्ज बदलला की सर्व लेखन बदलते. दोन्ही प्रकारचे वादक एकत्र आले म्हणजे खरी कसोटी लागते.

विदर्भातील बँड पथकांत दिसणारे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही बहुधा बी-फ्लॅटची वाद्ये असतात. त्यांच्यासाठी लिहिलेला सी हा स्वर प्रत्यक्षात बी-फ्लॅट, म्हणजे हार्मोनिअमची काळी पाच, असा वाजतो. म्हणून त्यांचा पार्ट प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा असतो. त्याचा पार्ट नऊ अर्धस्वर वर लिहिला जातो. याचा परिणाम असा की, गायिकेने काळी पाचमध्ये गायचे ठरविले तर क्लॅरिनेटवादकाला आपल्या दृष्टीने सी या सर्वांत सोप्या स्थानावरून वाजवावयास मिळते. काळी एक घेतली तर त्याला ई-फ्लॅटवरून वाजवावे लागते, तेही त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु पाश्चात्त्य पद्धतीने मिळविलेल्या व्हायोलिनला हीच काळी एक अत्यंत गैरसोयीची, कारण तिच्या चार खुल्या तारांपैकी (जी, डी, ए, ई) एकही तार तेथे षड्ज किंवा पंचम म्हणून उपयोगी पडत नाही. व्हायोलिनला पांढरी दोन किंवा पांढरी पाच हवी; तेथे क्लॅरिनेटला अनुक्रमे चार आणि तीन शार्प सांभाळावे लागतात. हिंदुस्थानी पद्धतीचा व्हायोलिनवादक या वादात पडत नाही. तो तारा षड्ज-पंचमाच्या जोडीत मिळवून घेतो आणि त्यामुळेच स्टाफ नोटेशनचा कागद त्याच्या बोटांना निरुपयोगी होतो.

यावर दोन्ही बाजूंनी उपाय शोधले गेले आहेत. समकालीन पाश्चात्त्य रचनांत अनेकदा संचालकाच्या संहितेत सर्व वाद्ये प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वरांतच लिहितात आणि केवळ वादकांच्या पार्टमध्ये स्थानांतर करतात. पिकोलो आणि डबल बास यांचा सप्तकाचा फरक मात्र तसाच ठेवला जातो. संहितेवर तसा स्पष्ट उल्लेख करणे हा संकेत आहे. आपल्याकडे सुचणारा मार्ग असा : मुख्य संहिता सरगमात असावी, पहिल्या पानावर ‘षड्ज : काळी १’ असा उल्लेख असावा आणि प्रत्येक फुंकवाद्याच्या पार्टवर त्या वाद्याच्या दृष्टीने षड्ज कोणता हे त्याच्या भाषेत लिहावे. बँडमास्तरांना ही भाषा चांगली समजते. ‘क्लॅरिनेट बी-फ्लॅट, षड्ज ई-फ्लॅट’ एवढी एक ओळ तालमीचा अर्धा तास वाचविते.

वाद्यांचे स्वभाव :

संहितालेखन म्हणजे केवळ चिन्हांचे ज्ञान नव्हे. वाद्य काय करू शकते आणि काय करू शकत नाही याचे भान त्यामागे असावे लागते. हार्मोनिअमवर मींड निघत नाही. त्यामुळे सारंगी किंवा व्हायोलिन आणि हार्मोनिअम यांना आंदोलित कोमल गांधाराची एकच ओळ दिली तर दोन्ही वाद्ये परस्परांना खोटे पाडतात. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ती अंशतः उठली. त्या दीर्घ वादाच्या मुळाशी हेच श्रुतींचे कारण होते. बंदीचे समर्थन करणे आज कठीण आहे, परंतु अशा जागी हार्मोनिअमने नुसता षड्ज धरून ठेवावा आणि हलणारी ओळ तंतुवाद्याला द्यावी हे त्या वादातून निघणारे व्यावहारिक शहाणपण संयोजकाने घेण्यास हरकत नाही.

जलतरंग आणि संतूर ही वाद्ये आधीच ठरलेल्या स्वरांत मिळविलेली असतात. मध्येच राग बदलला तर पाण्याची पातळी किंवा तारा बदलण्यास वेळ लागतो. या वाद्यांच्या पार्टवर संपूर्ण रचनेत लागणाऱ्या स्वरांची यादी आरंभीच द्यावी. सतारीचे पडदे सरकविण्याबाबतही तेच. बासरी एका षड्जाची असते. षड्ज बदलणार असेल तर बासरी बदलण्यापुरत्या मात्रा मोकळ्या सोडाव्या लागतात. सनईचा आवाज इतका भेदक असतो की तिच्याखाली बासरीच्या मध्य सप्तकातील सुंदर ओळ लिहिणे म्हणजे कागद वाया घालविणे होय. टाळ आणि झांज यांचा नाद दीर्घकाळ टिकतो, म्हणून तो केव्हा दाबायचा हेही लिहावे लागते. ही गोष्ट भजनी मंडळातील ज्येष्ठ टाळकऱ्याला कोणी सांगावी लागत नाही. विद्यार्थ्याला मात्र सांगावी लागते.

मुंबईचा अनुभव :

दोन लिप्या आणि दोन शिस्ती एकत्र नांदविण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मुंबईच्या चित्रपटसंगीतात झाला. तो विद्यापीठात झाला नाही म्हणून त्याकडे संगीतशास्त्राने दीर्घकाळ दुर्लक्ष केले, हे खेदाने नमूद करावे लागते. गोव्यातील चर्चशी संलग्न संगीतशाळांत मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचावयास शिकविले जाई. या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईस आले आणि कागद पाहून प्रथमदर्शनीच वाजविण्याचे त्यांचे कौशल्य स्टुडिओला अत्यंत उपयुक्त ठरले. संगीत दिग्दर्शक बहुधा हार्मोनिअमवर चाल ऐकवी. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून तिच्याभोवती वाद्यांची मांडणी करी. मग पार्ट लिहून काढले जात. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी अनेक वर्षे हे कार्य केले. मूळचे माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी चित्रपटांसाठी मांडणी केलीच, शिवाय १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभारून हिंदुस्थानी रागांवर आधारित रचना सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले होते. प्यारेलाल शर्मा हे त्यांचेच विद्यार्थी. मराठी संयोजकांत अनिल मोहिले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांची व अरुण पौडवाल यांची ‘अनिल-अरुण’ ही जोडी मराठी रसिकांना परिचित आहे.

स्टुडिओतील व्यवस्था अशी की, व्हायोलिन आणि चेलोच्या स्टँडवर पाच रेघांचा कागद असे, तर सतार, सारंगी, बासरी आणि तबला यांच्या वादकांच्या वहीत सरगम वा बोल लिहिलेले असत. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे संचालकाचा हात. ध्वनिमुद्रण अनेक मार्गिकांवर विभागण्याची सोय नव्हती त्या काळात साठ-सत्तर वादकांनी एकाच वेळी निर्दोष वाजविणे भाग होते. ही शिस्त कागदाशिवाय शक्यच नव्हती. तरीही गाणे मुद्रित झाल्यावर कागदाचे काम संपले असे मानले जाई आणि त्यातील फार थोडा भाग आज शिल्लक आहे. ज्या परंपरेने महाराष्ट्रात सर्वाधिक संहिता लिहिल्या तीच परंपरा आज अभ्यासकाला ध्वनिमुद्रिकेवरून कानाने पुन्हा लिहावी लागते.

आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीस राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला व पंडित रविशंकर त्याचे प्रमुख झाले. तेथे पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या नियमांपेक्षा रागाच्या चलनाला प्राधान्य होते आणि वादक मुख्यतः घराण्यांतून आलेले होते. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, उदय शंकर यांच्या नृत्यसंघासाठी पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी भारतीय वाद्यांचा मेळ रचला होता. मराठी रंगभूमीवर भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) यांनी ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात कीर्तन, लावणी, अभंग इत्यादी प्रकारांचे स्वर नटांच्या रांगेकडून गाऊन घेतले. समूहस्वराची ही मांडणी कोणत्याही वाद्यवृंदाइतकीच काटेकोर होती.

ताल आणि उभी रेघ :

स्टाफ नोटेशनमध्ये उभ्या रेघेनंतरची पहिली मात्रा स्वभावतः वजनदार मानली जाते. हिंदुस्थानी तालाला हा नियम नेहमीच लागू होत नाही. रूपकात सात मात्रांचे तीन-दोन-दोन असे विभाग असून समेवरच खाली येते. रूपकाचे आवर्तन सात मात्रांच्या घरात लिहून दिले तर पाश्चात्त्य शिस्तीचा वादक पहिल्या मात्रेवर ठासून आघात करतो, आणि रूपकाचे सगळे मार्दव नाहीसे होते. झपतालाच्या दहा मात्रा त्याला पाच-पाच अशा दिसतात, वस्तुतः त्या दोन-तीन-दोन-तीन आहेत. यावर उपाय म्हणजे घराच्या आत तुटक रेघांनी विभाग दाखविणे आणि खाली असलेल्या मात्रेवर भातखंड्यांचे शून्य तसेच ठेवणे. स्टाफ नोटेशनमध्ये आपले चिन्ह आणण्यास कोणताही शास्त्राधार आड येत नाही.

तबल्याच्या ओळीबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ प्रत्येक बोल लिहून देतो. दुसरा केवळ तालाचे नाव, लय आणि आवर्तनांची संख्या देऊन ठेका वादकावर सोपवितो. फक्त तिहाई, थांबा आणि लयबदल तेवढे नेमके लिहितो. लोकवाद्यवृंदासाठी दुसरा मार्ग हितावह होय. ढोलकीवादकाला प्रत्येक बोल लिहून देणे हा त्याच्यावरील अविश्वास आहे आणि त्याचा परिणाम वादनात ऐकू येतो. मोठ्या रंगमंचावरही हा तोल साधला गेला आहे. रविशंकर यांच्या सतार आणि वाद्यवृंदासाठीच्या पहिल्या कॉन्चेर्टोचा प्रयोग १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली झाला. वाद्यवृंदाची प्रत्येक ओळ लिहिलेली असताना सतारीला उपजेसाठी जागा राखलेली होती. उस्ताद झाकिर हुसेन यांची ‘पेशकार’ ही तबला आणि वाद्यवृंदासाठीची रचना सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ मध्ये मुंबईत प्रथम सादर केली. ज्याला काही सुचू शकते त्याची जागा मोकळी ठेवावी आणि तो केव्हा परतणार हे इतर सर्वांच्या कागदावर लिहावे, हा संकेत अशा रचनांतून शिकण्यासारखा आहे.

आवर्तनांना क्रमांक देणे ही आणखी एक साधी बाब. ‘अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीनंतरच्या तुकड्यापासून’ असे सांगण्याऐवजी ‘चोवीस पासून’ म्हणता येते. मोठ्या रचनेत दर विभागाच्या आरंभी अ, आ, इ अशी अक्षरेही देतात. दीर्घ मौनानंतर प्रवेश करणाऱ्या वादकाच्या पार्टवर त्याच्या आधी वाजणाऱ्या वाद्याच्या शेवटच्या दोन-तीन मात्रा लहान अक्षरांत लिहिल्या जातात, म्हणजे वीस आवर्तने मोजत बसण्याचा ताण राहत नाही. पान उलटण्याची जागा वादकाच्या मौनात यावी हा नियम तर गृहिणीच्या हिशेबाइतका सरळ आहे, परंतु तो मोडला की क्लॅरिनेटवादकाचा एक हात नेमका नको तेव्हा वाद्यावरून सुटतो.

संगणक आणि भ्रमणध्वनीवरील लेखन :

स्टाफ नोटेशनसाठी म्यूझस्कोअरसारखी विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध आहे. तीत संहिता एकदा लिहिली की प्रत्येक वाद्याचा स्थानांतरित पार्ट आपोआप वेगळा काढता येतो. सरगमासाठी बहुतेक जण शब्दलेखनाच्या नेहमीच्या प्रणालीतील तक्ता वापरतात, आणि तेथे एक धोका दडलेला आहे. कोमल स्वराखालची रेघ अधोरेखनाच्या सोयीने काढली असेल तर तो मजकूर भ्रमणध्वनीवरील संदेशात चिकटविताच ती रेघ नाहीशी होते. कोमल ऋषभाचा शुद्ध ऋषभ होतो आणि भैरवाची ओळ ओळखू येईनाशी होते. तालमीचे निरोप आज याच मार्गाने जात असल्याने हा दोष किरकोळ मानता येत नाही. युनिकोडच्या देवनागरी संचात वैदिक स्वरांसाठी अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ती वापरून रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑ असे लिहिले तर चिन्ह अक्षराचाच भाग होते व मजकुराबरोबर प्रवास करते. वेदपाठासाठी केलेली सोय समूहगीताच्या कामी यावी यात वावगे काही नाही. तार षड्जासाठी ‘सां’ असा अनुस्वार लिहिण्याची रीत रुळलेली आहेच. मंद्र सप्तकाचा खालचा बिंदू मात्र सर्व अक्षरांखाली नीट बसत नाही. तेथे स्वराआधी स्वल्पविराम देऊन तसा खुलासा पहिल्या पानावर करणे सोयीचे पडते.

महाविद्यालयातील जतन :

साखरखेर्ड्यासारख्या गावातील महाविद्यालयाला पूर्ण वाद्यवृंद उभारणे शक्य नसते. त्याची आवश्यकताही नाही. हार्मोनिअम, ढोलकी, टाळ, एखादी बासरी, गावातील बँडमध्ये वाजविणाऱ्या घरातील एखादा क्लॅरिनेटवादक विद्यार्थी आणि की-बोर्ड एवढ्या सामग्रीवर उत्तम मेळ उभा राहतो. या क्लॅरिनेटवादकाच्या घरात बँडचा धंदा डीजेच्या आगमनानंतर मंदावलेला असण्याचा संभव मोठा आहे. त्याच्या वडिलांना पाठ असलेल्या चाली आणि वरातीच्या चालीत तुकडे बदलण्याच्या खुणा या कोणत्याही पुस्तकात नाहीत. संगीत विभाग नसला तरी मराठी वा इतिहास विभागाच्या एखाद्या प्रकल्पात त्या लिहून घेता येतील. त्यासाठी प्रथम ध्वनिमुद्रण करावे, नंतर त्याच वादकाला बसवून मात्रा मोजून घ्याव्यात आणि शेवटी लिहिलेले त्याला वाजवून दाखवून तपासावे. या शेवटच्या टप्प्यावर लेखनातील बहुतेक चुका सापडतात.

तयार झालेल्या संहितेच्या पहिल्या पानावर वाद्यांची यादी, वादकांची संख्या, षड्ज, ताल, लय, सादरीकरणाचा कालावधी, वापरलेली स्वरलिपी आणि विशेष चिन्हांचा खुलासा असावा. संयोजक विद्यार्थ्याचे नाव आणि वर्षही असावे, कारण आजवर या कामाचे श्रेय बहुधा कोणालाच मिळालेले नाही. चाल पारंपरिक असेल तर ती कोणाकडून मिळाली त्याचे नाव, त्याच्या संमतीने, वेगळ्या ओळीत द्यावे. संहितेची एक प्रत आणि सर्व पार्टचा एक संच ग्रंथालयात परिग्रहण क्रमांकासह दाखल करावा आणि तालमीत झालेले बदल लाल शाईने त्या प्रतीवर चढविल्याशिवाय महोत्सवाचा अहवाल पूर्ण मानू नये. पार्ट परत घेण्याचे काम मात्र प्रयोगाच्या दिवशी, रंगमंचावरून उतरतानाच करावे लागते. दुसऱ्या दिवशी ते कागद मिळत नाहीत.